सोपा आणि माजघर : दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतची कामाची वही

आधी घराची माहिती. बेळगाव-खानापूर पट्ट्यातलं जुनं घर. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, आतून मातीचा गिलावा, वर मंगळुरी कौलं. सोपा, म्हणजे घराची पुढची बैठकीची खोली, १० बाय १८ फूट; माजघर त्याहून जरा लहान. नियम एकच ठेवला आहे : जे लागेल ते माळ्यावरचं, जुन्या बाजारातलं किंवा हाताने केलेलं. नवीन फक्त चुना, दोरा, काच आणि वायर.

दसऱ्याचा आठवडा

सजावटीला हात लावायच्या आधी भिंत तपासली. दीड फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवला आणि २४ तास ठेवला. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला दिसले तर ती हवेतली. जांबोटी-कणकुंबीकडच्या घरांत ऑक्टोबरमध्येही थेंब आतच सापडतात. निपाणी-चिक्कोडीकडे पाऊस कमी, तिथे हेच काम बरंच आधी सुरू करता येतं.

इथे खालच्या दोन फुटांत थेंब आत होते. कारण लगेच सापडलं : कधीतरी पोपडे निघतात म्हणून तिथे सिमेंटचा पट्टा मारलेला होता. माती आणि जांभा ओल शोषतात आणि सोडतातही. सिमेंट ती सोडू देत नाही, मग ओल वर चढते आणि पट्ट्याच्या वरच्या कडेला लोणा (क्षारांची पांढरी पूड) फुटतो. छिन्नीने पट्टा काढला. लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढला. तो पाण्याने धुऊ नका, क्षार विरघळून पुन्हा आत जातात. मग १ भाग चुना, ३ भाग वाळू असा गिलावा दोन थरांत दिला, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं आणि नंतर तीन आठवडे त्या भिंतीकडे बघितलंही नाही. दिवाळीआधी रंग व्हावा हा मोह इथे सोडावा लागतो.

ओल उतरेपर्यंत : खिडकीच्या चौकटीचा आरसा

दिवाळीच्या साफसफाईत लोक माळे रिकामे करतात, त्यामुळे जुनं लाकूड शोधायला हेच दिवस चांगले. मिळालेली चौकट बाहेरून ७५ बाय १०५ सेंटीमीटर, लाकूड ३ बाय २ इंची. सागवान म्हणून ऐनाच्या झाडाचं लाकूडही गळ्यात मारतात. ऐन जास्त जड आणि टणक, वाईट लाकूड नव्हे, पण सागाचा भाव देऊ नये. कोपऱ्यात कुणाला दिसणार नाही अशा जागी थोडं तासून बघा : सागाला सोनेरी-तपकिरी रंग, हाताला तेलकटपणा आणि चामड्यासारखा वास असतो.

जुना ऑइल पेंट कोरडा घासायचा नाही. त्या काळच्या रंगांत शिसं असण्याची शक्यता मोठी, आणि धूळ लहान मुलांच्या घरात सगळीकडे बसते. पेंट रिमूव्हर लावून, १५ मिनिटांनी पत्र्याने ओला रंगच खरवडला. उरलेलं पाणी लावून ८० नंबरच्या वॉटर पेपरने, मग १५० ने. खरवड कागदात गुंडाळून वेगळी ठेवली, परसात टाकली नाही. खिळ्यांची भोकं आणि कडीची झीज तशीच ठेवली. ती बुजवून गुळगुळीत केली तर दुकानातली ‘अँटिक’ चौकट आणि ही, फरक काय राहिला?

एका बाजूला फिकट लाकडात एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं आणि खाली मैद्यासारखा भुसा होता. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, बाहेरच्या फिकट भागाला लागते. एक लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम बोरॅक्स आणि ४० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून तीनदा ब्रशने लावलं, भोकांत इंजेक्शनच्या सिरिंजने सोडलं. हे उघड्या लाकडावरच मुरतं, रंगावर नाही. पावसाने धुऊनही जातं, म्हणून फक्त आतल्या लाकडाला.

पाच दिवस वाळल्यावर उकळलेलं जवसाचं तेल : पहिला हात तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं, पुढचे दोन हात नुसतं तेल. लावल्यावर वीस मिनिटांनी जादा तेल पुसून काढायचं, नाहीतर वर चिकट साय धरते आणि ती महिनाभर वाळत नाही. तेल पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात फेकू नका. वाळताना जवसाचं तेल उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा दोरीवर सुटं वाळवा.

आरशाची काच ४ मिलिमीटरची, ६० बाय ९० सेंटीमीटर. खाचेत चारही बाजूंनी २ मिलिमीटर जागा सोडली, कारण लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि घट्ट बसवलेली काच कोपऱ्यातून तडकते. काच चिकटवायला आंबट वासाचा सिलिकॉन वापरला तर आरशाचा मागचा मुलामा खातो, कडेने काळे डाग येतात; न्यूट्रल सिलिकॉन मागून घ्या. मागे ४ मिलिमीटर प्लाय, तो स्क्रूने. सागात स्क्रू मारण्याआधी बारीक भोक पाडायचंच.

आता वजन. ४ मिलिमीटरच्या काचेचं वजन चौरस मीटरला १० किलो, म्हणजे इथे साडेपाच किलो. लाकूड साधारण आठ, प्लाय सव्वा-दीड. एकूण १५ किलोच्या आसपास. मातीच्या भिंतीत रावल प्लग (स्क्रूसाठी भोकात ठोकतात ती गुल्ली) धरत नाही. पहिल्या दिवशी घट्ट वाटतो, महिन्याभरात भुगा होऊन बाहेर येतो. म्हणून आरशाचा भार भिंतीवर टाकलाच नाही. खाली कट्ट्यावर रबराच्या दोन चकत्यांवर तो उभा आहे आणि वरून तुळईला दोन स्टीलच्या तारांनी बांधला आहे. एक तार तुटली तरी दुसरीने धरावा एवढ्या जाडीच्या.

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा : चुना

प्लास्टिकची चाचणी पुन्हा घेतली, भिंत कोरडी. सोप्याच्या भिंती दारं-खिडक्या वगळून ४२० चौरस फूट. तीन हातांना १० किलो कळीचा चुना पुरला, अर्धी बादली उरली.

प्रमाण : १ किलो चुन्याला ५ लिटर पाणी. पाण्यात चुना थोडा थोडा सोडायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उसळून अंगावर येतं. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे. पातळ प्लास्टिकची बादली उष्णतेने वाकते आणि ॲल्युमिनियमचं भांडं चुना खातो, तेव्हा लोखंडी पिंप घ्या. २४ तास विरू दिला, जाडसर कापडातून गाळला. डिंक लिटरला ४ ग्रॅम, म्हणजे ५० लिटरला २०० ग्रॅम, गरम पाण्यात विरघळवून. नीळ किलोमागे ३ ग्रॅमपेक्षा जास्त नको. जास्त झाली की घर दवाखान्यासारखं दिसतं.

उत्तरेच्या भिंतीवर काम सरळ झालं. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी उन्हात हात मारला, आणि दुसऱ्या दिवशी हाताला पांढरी पूड लागायला लागली. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, त्यासाठी थोडी ओल लागते. झपाट्याने सुकला की नुसती पूड राहते. ती झाडून, भिंतीवर पाणी मारून, संध्याकाळी पुन्हा दोन पातळ हात दिले. पातळ म्हणजे ओला असताना खालची भिंत दिसली पाहिजे. पांढरेपणा वाळल्यावर येतो. माजघरात जुना ऑइल पेंट आहे, त्यावर चुना बसत नाही, त्यामुळे ती खोली पुढच्या वर्षी.

कौलं बदलताना एक काचेचं कौल बसवलं. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. त्या पद्धतीची खाच असलेली जुनी कौलं अजून सुटी मिळतात. घेताना बोटाच्या पेराने वाजवा : खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द आवाज आला तर आत चीर आहे. दोन कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत बसतीलच असं नाही, नमुना सोबत न्या.

डिसेंबर : वाकळ

कानडीत कौदी, आपल्याकडे वाकळ. ही अंगावर घ्यायची नसून सोप्याच्या लांब भिंतीला लावायची. माप १५० बाय २१० सेंटीमीटर, पाच थर. कापड लागतं पावणेसोळा चौरस मीटर. एका सुती नऊवारीत साधारण नऊ चौरस मीटर निघतं, म्हणजे दोन नऊवारी; पण जुन्या साडीचा मधला भाग विरलेला असतो, तो आतल्या थरांत घाला आणि काठाकडचा भाग वर.

सगळं कापड आधी गरम पाण्यात धुवा. आतला थर नंतर आटला तर पूर्ण वाकळीला चुण्या पडतात आणि त्या उसवल्याशिवाय जात नाहीत. पॉलिस्टर आणि सुती एकत्र घातलं तरी तेच. इरकलीच्या लाल पदरावर ओलं पांढरं फडकं ठेवून इस्त्री फिरवा. फडकं गुलाबी झालं तर तो तुकडा वाकळीत नको, उशीच्या अभ्ऱ्याला वापरा.

धावदोरा दोन सेंटीमीटर अंतरावर, इंचाला चार टाके. पंचाहत्तर ओळी, दुहेरी दोरा, एकूण ३८० मीटरपर्यंत लागतो, तेव्हा दोरा एकाच रंगाच्या एकाच लॉटमधला घ्या. मोठ्या नेढ्याची सुई. टाका ओढून घट्ट करू नका. कापड सपाट राहील इतकाच. सरळ ओळींत एका टोकाकडून शिवत गेलं की कापड पुढे सरकत शेवटच्या कडेला फुगा येतो. हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी (मूळ आफ्रिकेतून आलेला समाज) बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची वाकळ, बघितली तर यावरचा उपाय दिसतो : त्या कोपऱ्यातून सुरू करून कडेकडेने फिरत आत मध्याकडे येतात. त्यांच्या कवंदीच्या कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोणी तुकडे असतात, त्यांना त्या फुलं म्हणतात. इथे पद्धत घेतली, फुलं घेतली नाहीत. ती त्यांची खूण आहे.

टांगायला मागे वरच्या कडेला १० सेंटीमीटरची नळी शिवली, टाके तीन थरांतून, नाहीतर वजनाने मागचा थर एकटाच फाटतो. त्यात बांबू. बांबूच्या टोकांना दोन सेंटीमीटर जाडीचे लाकडी ठोकळे, म्हणजे कापड भिंतीला टेकत नाही आणि मागे हवा खेळते. टेकलेल्या कापडावर पहिल्याच पावसाळ्यात बुरशीचे ठिपके येतात.

उशांना गुळेदगुड्ड गावचं खणाचं कापड. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी असतो, कापण्याआधी मोजा. कडा लगेच सुटतात, आधी झिगझॅग मारा आणि आत सुती अस्तर द्या. सुटा धागा जाळून बघा : राख झाली तर सुती-रेशमी, कडक मणी झाला तर पॉलिस्टर. वडगाव-शहापूरच्या मागांवर उरलेली दशी (सुट्या धाग्यांची टोकं) मिळाली तर गोंड्यांना दोरा विकत घ्यावा लागत नाही.

संक्रांतीपर्यंत

बांबूच्या बुट्टीचा दिवा झाला. तळाला होल्डरएवढं भोक, ७ वॉटचा एलईडी, बल्ब आणि बांबूत चारही बाजूंनी १० सेंटीमीटर अंतर. बुट्टीचं वजन वायरवर नको, वेगळ्या दोरीवर. घंगाळात झाड थेट लावू नका. आत खानापूरची मातीची कुंडी, तिच्याखाली विटेचा तुकडा. साचलेल्या पाण्याने पितळेला हिरवट गंज चढतो. चिंच-मिठाने घासल्यावर लगेच धुऊन कोरडं पुसलं नाही तर डाग पूर्वीपेक्षा वाईट.

बाकी : माजघराचा ऑइल पेंट, आणि लाल फरशीला मेण (१०० ग्रॅम मधमाशांचं मेण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवायचं, चूल विझवून मगच ३५० मिलिलिटर टर्पेंटाइन). मेअखेरीस वाकळ उतरवून उन्हात घालायची आणि आरशाच्या तारा तपासायच्या.