पारा उतरला की

सोमवार

आज सूर्य सात वाजून गेल्यावर उगवला. २२ डिसेंबरच्या आसपास सगळ्यात छोटा दिवस होऊन गेला, आता दिवस वाढतोय असं कॅलेंडर सांगतं. पहाटे सायकल काढणाऱ्या बाईला ते पटत नाही. आपल्याकडे सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो आणि वाढलेली मिनिटं सगळी संध्याकाळकडे जमा होतात. मुलाने कारण समजावलं: पृथ्वीचा आस कललेला, कक्षा किंचित लंबगोल, जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सगळ्यात जवळ असते आणि जरा वेगाने पळते, म्हणून घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा जुळत नाहीत. मला त्यातलं कामाचं एवढंच, की अजून काही दिवस अंधारात निघायचं. पुढचा लाइट चार्जिंगला लावून ठेवला.

मेहरूण तलावाला फेरी मारून आले. कानटोप्या, मफलर, एका आजोबांनी तर चक्क घोंगडी पांघरलेली, आणि तरी सगळ्यांचं चालणं चालूच. जळगावकराला थंडीचं एवढं अप्रूप का, हे मे महिन्यात इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. पंचेचाळीस अंशांच्या दिवसांत सकाळी आठलाच डांबर तापलेलं असतं. पावसाळ्यात गावरस्त्यावर उतरलं की काळी माती मडगार्डमध्ये अशी बसते की चाकच फिरत नाही. हौसेने सायकल चालवणाऱ्यांचं वर्ष आमच्याकडे दिवाळीला सुरू होतं आणि होळीला संपतं. थंड मुलुखात हिवाळा आला की सायकली आत ठेवतात, आम्ही तेव्हा बाहेर काढतो.

घरी येऊन चहा टाकते तोच मामांचा फोन. मामा म्हणजे ह्यांचे मामा, तापीपलीकडे यावल तालुक्यात त्यांची केळी आहे.

"सूनबाई, आज पारा किती?"

"दहा दाखवत होता मोबाइल."

"चढू दे व माय आता. केळी निसवायला लागली."

हो म्हटलं. मनात मात्र मला आठ हवा होता.

मंगळवार, भोगी

पहाटे चाक दाबून पाहिलं तर मऊ. पंक्चर नव्हतं. हल्ली दुपारी तीस आणि पहाटे दहा असा फरक असतो. हवा गार झाली की आकसते. मुलाने वहीच्या मागच्या पानावर हिशेब करून दाखवला: दुपारी ५० पीएसआय भरलेली हवा पहाटे ४६ च्या आसपास उतरते. दुकानातला सायकलवाला हे गणित न मांडता सांगतो, "थंडीत सकाळीच भरा ताई." घरी उभा पंप असणं ही हिवाळ्यातली खरी चैन. पाच-सहा वेळा दाबलं की अंग गरम होतं ते वेगळंच.

दुसरी चैन म्हणजे जुनं वर्तमानपत्र. स्वेटरच्या आत छातीवर सरळ घातलं की वारा लागत नाही. महागडी जॅकेटं आता मिळतात, माझ्या वहिनीने एक आणलंही आहे. पण परत आल्यावर चुरगळलेला पेपर काढून शब्दकोडं सोडवता येतं, ते जॅकेटचं होत नाही.

हातमोज्यांचं मात्र अजून जमलेलं नाही. लोकरीचे ब्रेकवर सरकतात. वारा तर आपणच तयार करतो: १० अंशांत ताशी वीसच्या वेगाने निघालं की उघड्या कातडीला साडेसातच्या आसपास असल्यासारखं वाटतं. म्हणून उतारावर मी ब्रेक लावत जाते आणि चढावर खुशीत असते. उन्हाळ्यात नेमकं उलट.

दुपारी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, वर लोणी. संध्याकाळी सायकल काढायचं ठरलं होतं. काढली नाही.

बुधवार, संक्रांत

आज सायकल नाही म्हणजे नाही. पतंगांचा दिवस. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, पण चौकात अजून तो लटकताना दिसतो. सुती दोरा तुटतो तरी, हा तुटत नाही, आणि दुचाकीवाल्याच्या नेमका गळ्याशी येतो. या दिवसांत मी थंडी नसली तरी मफलर दुहेरी गुंडाळते. गच्चीवरच्या पोरांना ओरडून झालं; त्यांनी माझ्याकडे पाहून तिळगूळ दाखवला.

सासूबाईंबरोबर हळदीकुंकवाची यादी. वाण म्हणून काय लुटायचं यावर बराच वेळ गेला. मी पंक्चर काढायच्या सोल्यूशनच्या ट्यूब सुचवल्या. कुणी हसलं नाही.

गुरुवार

शाळेत तपासणी. त्यामुळे फक्त भादली रस्त्यावर आसोद्यापर्यंत. मामांचा फोन: "आज किती?" नऊ. मामा गप्प झाले. मग म्हणाले, रात्री वीज होती, पाणी दिलं, बांधावर धूर केला.

केळीचं गणित मला त्यांच्यामुळेच थोडं कळायला लागलं. पारा दहा-बाराच्या खाली गेला की केळीची वाढ थांबते. नवं पान उलगडत नाही, घड बाहेर पडायला अडतो, फळाच्या सालीवर चरका, म्हणजे थंडीचा डाग, येतो आणि व्यापारी भाव पाडतो. करपा तर दंवामुळे वाढतोच. म्हणून थंडीच्या रात्री विहिरीचं पाणी सोडायचं, कारण ते हवेपेक्षा कोमट असतं. बांधावर शेवरीची ताटी, घडांना पिशव्या, पहाटे कचरा पेटवून धूर. आणि शेतीची वीज कित्येकदा रात्रीच येत असल्यामुळे हे सगळं बॅटरीच्या उजेडात, माझ्या रजईच्या वेळेत.

त्याच थंडीने गहू फुटवे धरतो, हरभरा खुलतो. एकाच माणसाच्या दोन वावरांना एकच रात्र एकीकडे मानवते, दुसरीकडे बाधते.

शनिवार

अर्ध्या दिवसाची शाळा. जेवण झाल्यावर अंगणातल्या उन्हात सायकल उलटी केली. हिवाळ्यातलं दुपारचं ऊन आणि चेनला तेल, हे दोन्ही एकदम मिळणं म्हणजे माझी सुटी. आधी चिंधीने जुनी काळी मळी पुसायची, मग पायडल मागे फिरवत एकेका कडीवर थेंब सोडायचा, थोडं थांबायचं, वरचं तेल पुन्हा पुसून घ्यायचं. हे शेवटचं पुसणं लोक विसरतात आणि मग धूळ चिकटून चेन करकरते. शिवणयंत्राचं तेल चालतं. खोबरेल मात्र नको, थंडीत ते गोठतं. मागच्या चाकात बाभळीचा काटा टायरमध्येच मोडून बसला होता, आत पोचला नव्हता. चिमट्याने काढला. या कामाला मी मुद्दाम वेळ लावते, कारण हात काळे असले की घरातलं कुणी दुसरं काम सांगत नाही.

शेजारचा तरुण आला. तो ब्रेव्हे करतो, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला गाठायच्या सायकलफेऱ्या: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, पुढे ३०० ला वीस तास, ६०० ला चाळीस. वेळा त्याला पाठ आहेत. "काकू, तुम्हीही या ना." त्याच्या चिकाटीचं मला कौतुक आहे. पण साडेतेरा तासांचा हिशेब ठेवत गेलं तर हुरड्याला कधी थांबणार, हे विचारल्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

रविवार

आज ममुराबाद-विदगाव रस्ता. बऱ्याच दिवसांनी लांबची रपेट. निघताना मोबाइलवर आठ! शेवटी आला.

गाव सुटलं की दोन्ही बाजूंना काळं रान. कापसाच्या गाड्या या रस्त्याने जातात, त्यामुळे बाभळींच्या काट्यांना आणि बोरींना कापसाचे पुंजके अडकलेले असतात, मैलोगणिक. दादर ज्वारी निसवून उभी आहे. तिच्यावर भोरड्यांचा थवा उतरला की राखणदार डबा बडवतो, थवा उठतो आणि पुढच्या वावरात बसतो, मग तिथला डबा वाजतो. मध्य आशियाकडून इतक्या लांब येऊन हे पाखरू आमच्या दादरीवर हात मारतं. रस्त्यावर धोबी शेपटी आपटत चाकापुढे पळत राहतात. उडतात अगदी शेवटी.

या रस्त्यावर मला एक गोष्ट सापडली आहे आणि ती मोटारसायकलवरून जाणाऱ्याला सांगून पटत नाही. थंडी सगळीकडे सारखी नसते. नाला आला, रस्ता जरा खाली उतरला की गुडघ्यांना एकदम गार लागतं, नाकात हवा टोचते. पलीकडे चढून वर आलं की पुन्हा ऊबदार. गार हवा जड असते, निवांत रात्री ती वाहत खोलगटात जाऊन साचते. डोळे मिटून सायकल चालवता आली असती तरी उतार-चढाव मी कातडीने ओळखले असते. ज्या सकाळी वारा सुटलेला असतो त्या सकाळी हे होत नाही, सगळी हवा ढवळली जाते.

पुलावर थांबले. उजवीकडून, वरच्या अंगाने तापी येते. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जातात, ही पश्चिमेला, थेट सुरतेच्या समुद्राला. समोर सातपुडा नुसता एक निळा पट्टा. खिशातला तिळाचा लाडू दाताला दगड लागला. एका ट्रॅक्टरवाल्याने हळू करून विचारलं, "कुठी चालली व माय इतक्या थंडीत? सोडू का?" सायकल ट्रॉलीत टाकायची त्याची तयारी होती. नको म्हटलं. तो बिचारा काळजीतच पुढे गेला.

मामांच्या मळ्यात पोचले तेव्हा बांधावरचा धूर अजून खाली तरंगत होता. मामा शेकोटीशी बसलेले, डोळे लाल. मी त्यांना माझा नाल्याचा शोध सांगितला. अगदी उत्साहात सांगितला, गार हवा जड असते वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि काठीने मळ्याच्या खालच्या अंगाकडे दाखवलं.

"तिथी काय हाय?"

तिथे ओहोळाच्या कडेचा तुकडा, आणि त्यात हरभरा.

"तिथी केळी लावतच नाही मी. माझ्या बापानं पण नाही लावली."

मग म्हणाले, तू आठची थंडी मागत होतीस ना? मी कधी तसं बोलले नव्हते, पण मामा ओळखून होते. ते चिडलेले नव्हते. मीच शेकोटीत काड्या सारत बसले. "माग ना. फक्त हरभऱ्यापुरती माग."

जेवायला भरीत होतं, ते सांगितलंच पाहिजे. बामणोदची हिरवी-पांढरी मोठी वांगी, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो वास येत नाही, कुणी काहीही म्हणो. सोलून लाकडाने ठेचायचं, हिरवी मिरची-लसूण त्यातच, वरून शेंगदाणे आणि कांद्याची पात. बरोबर कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी. मामींना त्याचं फार काही नाही. त्यांच्या मते वांगं डिसेंबर-जानेवारीतच गोड लागतं आणि फेब्रुवारीत बिया धरतं, यापुढे मानांकन काय सांगणार?

परतीला ऊन उजव्या डोळ्यात. थंड वारा पाठीशी होता, पण भरीत पोटात असल्यामुळे वेग काही वाढला नाही. कॅरिअरला हरभऱ्याचे डहाळे बांधून आणले. रात्री सगळ्यांनी मिळून हुळा भाजला, बोटं आणि ओठ काळे. ताटावर मुलाने मुद्दा काढला, की मामांना नुसता मोबाइलवरचा पारा सांगून उपयोग काय, तो शहराचा असतो. खरं आहे. दारावर टांगायचा साधा थर्मामीटर घरात आहे. तो सायकलला लावून नाल्यातला आकडा वेगळा, चढावरचा वेगळा असं कळवायचं ठरलं. वाऱ्याने थर्मामीटरचा पारा उतरत नाही, तो फक्त माझ्या बोटांनाच छळतो, तेव्हा चालवत असताना वाचला तरी चालेल. मात्र त्याला जरा वेळ द्यावा लागतो, म्हणजे नाल्यात दोन-चार मिनिटं उभं राहणं आलं. हँडलला बांधायचा की पुढच्या बास्केटला, यावर अजून एकमत नाही. सासूबाई म्हणतात, आधी तो दारावरून काढू तर दे, मलाही रोज बघायचा असतो.