ही गोधडी कुणाची?

आमची मुलगी आठवा महिना लागता लागताच जन्मली. वजन दीड किलोच्या आत. अमेरिकेत, ओहायोतल्या दवाखान्यात ती पाच आठवडे काचेच्या पेटीत होती आणि पेटीवर उजेड अडवायला एक छोटी गोधडी टाकलेली असायची. वरून पिवळे-निळे त्रिकोण, आतून गडद निळं फ्लॅनेल. रात्री मी शेजारच्या खुर्चीत बसून गोधडीचे टाके मोजायचो, कारण मॉनिटरवरचे आकडे बघवत नसत. घरी सोडताना नर्सनं ती घडी करून आमच्या पिशवीत घातली. मी म्हटलं, "ही तुमची राहिली." ती म्हणाली, "नाही, ही तिचीच."

गोधडीच्या मागे कोपऱ्यात कापडाची चिठ्ठी शिवलेली होती. तीवर गावातल्या गोधड्या शिवणाऱ्या मंडळाचं नाव आणि साल, बस्स.

सोलापूरला फोन लावला. आईचा पहिला प्रश्न, "कुणी दिली?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? नाव नाही, गाव नाही, आन घेऊन आलास?"

तिचंही बरोबर होतं. आमच्या घरी आहेराची वही आहे. माझ्या मुंजीपासून बहिणीच्या लग्नापर्यंत कुणी किती, काय, कुठलं पातळ, सगळं तीत लिहिलेलं आहे. उलट आहेर करायची वेळ आली की वही निघते आणि आई चष्मा लावून पानं उलटते. शेजारून शिऱ्याचा डबा आला तर तो रिकामा परत जात नाही, निदान साखर तरी घालून जातो. या हिशेबात नाव नसलेली गोधडी बसवायची कुठं? आईनं तिसऱ्या दिवशी फोन करून निकाल दिला, "मंडळ हाय ना? मग मंडळात जा की. रिकाम्या हातानं जाऊ नको."

म्हणून मी शेंगा चटणीची बरणी घेऊन एका चर्चच्या तळघरात पोचलो.

तिथं साठेक बायका आणि दोन पुरुष होते. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी हे मंडळ भरतं. ते त्याला गिल्ड म्हणतात. वर्षाची वर्गणी असते, चहाकॉफीची पाळी असते आणि प्रत्येकाच्या छातीवर स्वतः शिवलेला नावाचा बिल्ला. बिल्ला विसरलात तर डब्यात पंचवीस सेंट दंड. मी ज्यांना बरणी दिली त्या आजी सत्तरी ओलांडलेल्या. गोधडीचा फोटो बघून त्या हसल्या. "आमचीच आहे. पण कुणाची ते नाही सांगता यायचं." मला वाटलं, टाळतायत. मग त्यांनी मागची खोली दाखवली.

दानाच्या गोधड्यांचं काम या खोलीतून चालतं. एक जण कापडाचे तुकडे कापून पिशव्या भरून ठेवते. दुसरी ती पिशवी घरी नेऊन तुकडे जोडते, म्हणजे वरचा थर तयार होतो. तिसरीकडे लांब हाताचं मोठं मशीन आहे. ती वरचा थर, मधला कापसाचा आणि खालचा असे तिन्ही थर ताणून एकत्र शिवते. चौथी कडेला गोट लावते. पाचवी मागची चिठ्ठी शिवते, धुते, घडी घालते. मला ऐकता ऐकता सोलापुरातला आमचा मागवाल्यांचा पूर्व भाग आठवला. वडील दाजी पेठेत यंत्रमागावर होते. चादर एकट्याची कधीच नसते. कांड्या भरणाऱ्या बायका, ताणा करणारा, बीम सांधणारा, मागावरचा, शेवटी कडा शिवणारी. बाजारात मात्र तिला 'सोलापुरी चादर' एवढंच म्हणतात आणि भौगोलिक मानांकनही गावाच्याच नावानं आहे.

त्या दिवशी मी लगेच परत यायचं म्हणून गेलो होतो, पण लोखंडी इस्त्री घेऊन दोन तास तुकडे दाबत बसलो. (दाबायचे, इस्त्री फिरवायची नाही. फिरवली की तुकडा तिरका होतो. हे मला त्या दिवशी चार वेगवेगळ्या आजींनी सांगितलं.)

मंडळात जायला लागल्यावर खटकलेली गोष्टही सांगतो. आपल्याकडे गोधडी म्हणजे जुन्याचं सोनं. आजीचं विरलेलं लुगडं, आजोबांचं धोतर, फाटलेला परकर. इथं नवंकोरं कापड विकत आणतात, त्याचे बारीक तुकडे करतात आणि पुन्हा जोडतात. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "येडं लागलंय का बे त्यांना?" एका बाईंच्या तळघरात सोलापूरच्या नवी पेठेतलं एखादं दुकान सहज मावेल एवढं कापड आहे. हयातीत संपणार नाही अशा साठ्याला त्यांच्या बोलीत खास शब्दच आहे, आणि तो त्या हसत हसत वापरतात. अर्धवट राहिलेल्या गोधड्यांनाही नाव आहे. एका बाईंकडे अशा सतरा निघाल्या. यात हौस आहे, पैसा आहे, निवृत्तीनंतरचा मोकळा वेळ आहे. हे सगळं आमच्या विडी वळणाऱ्या बायकांकडे नाही, हे मी मनातून काढू शकत नाही.

पण मग एक सभासद वारल्या. पुढच्या मंगळवारी त्यांचा मुलगा गाडीभर पेट्या घेऊन आला. बायकांनी पेट्या उघडल्या, त्यातल्या अर्धवट गोधड्या टेबलांवर मांडल्या आणि काही न बोलता वाटून घेतल्या. कुणी ताऱ्यांचा नमुना पूर्ण करणार, कुणी नुसता गोट. सहा महिन्यांत सगळ्या पुऱ्या होऊन दानात गेल्या. बाईंच्या एका तुकड्यात शिवण पाव इंचाऐवजी जरा जास्तच गेली होती. मी उसवायला घेतली तर शेजारची म्हणाली, "राहू दे, ती नेहमी तशीच शिवायची."

गोधड्या जातात कुठं, हे विचाराल. काही दवाखान्यांत, काही आईबापांपासून दूर सरकारच्या देखरेखीखाली राहणाऱ्या मुलांकडे. काही देशभरच्या मोठ्या उपक्रमांमार्फत. 'प्रोजेक्ट लायनस' १९९५ साली कोलोरॅडोत सुरू झाला. आजारी आणि संकटातल्या मुलांना हातानं केलेली पांघरुणं द्यायची. नाव ठेवलंय कॉमिकमधल्या, पांघरूण हातातून न सोडणाऱ्या पोरावरून. 'क्विल्ट्स ऑफ व्हॅलर' २००३ मध्ये कॅथरीन रॉबर्ट्स या बाईंनी सुरू केला, मुलगा इराकच्या युद्धावर असताना. ती गोधडी सैनिकाच्या खांद्यावर समारंभानं पांघरतात. मी एकदा बघितलं, सहा फुटी म्हातारा माणूस पांघरताच खुर्चीत बसला आणि बराच वेळ उठलाच नाही.

पांघरायची नसलेली गोधडीही असते. मंडळातल्या एकीनं १९८७ साली भावासाठी तीन फूट बाय सहा फुटांचा तुकडा शिवला होता. माप थडग्याचं. एड्सनं गेलेल्यांच्या नावाचे असे १,९२० तुकडे त्या वर्षी ११ ऑक्टोबरला वॉशिंग्टनच्या मोठ्या मैदानावर अंथरले होते. ती भावाबद्दल फार बोलत नाही. त्याला जांभळा रंग आवडायचा, एवढंच सांगते.

दोन वर्षांनी आई आली. उन्हाळ्याचे सहा महिने. बॅगेत ज्वारीचं पीठ, काळा मसाला आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात तिचं दाभण. मला मंडळात जाताना बघून ती आधी खूप हसली. "बाप मागावर, पोरगा दाभणावर!" आमच्याकडे माग पुरुषांचा, गोधडी बायकांची. मग म्हणाली, "चल, मीबी येते."

चर्चच्या तळघरात तिनं पहिलं काम केलं ते खुर्ची बाजूला सारायचं. पदर खोचला, फरशीवर चादर अंथरली आणि बसली. बहुतेक आजींचे गुडघे बदललेले, त्यांना खाली बसवेना. मग त्यांनी खुर्च्या ओढून तिच्याभोवती गोल केला. आईनं कडेनं धावदोरा घालायला सुरुवात केली. एक फेरा झाला की त्याच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा. ना खूण, ना पट्टी. एकीनं विचारलं, नमुना कुठला? मी भाषांतर केलं. आई म्हणाली, "नमुना काय त्यात? कडंनं निघायचं, मधी पोचायचं."

तिलाही त्यांच्या काही वस्तू आवडल्या. चकतीच्या पात्याची ती सुरी, १९७९ मध्ये जपानी कंपनीनं बाजारात आणलेली. एका दमात सहा थर कापते. आईनं ती दोनदा फिरवून बघितली आणि म्हणाली, "कात्रीचे दिवस गेले म्हणायचे." कॉफी मात्र शेवटपर्यंत तिच्या घशाखाली उतरली नाही.

एका रविवारी गाडीतून जाताना तिला एका धान्याच्या कोठारावर भलामोठा रंगीत चौकोन दिसला. "भिंतीवर गोधडी काढलीय बघ." मला वर्षभर ती जाहिरात वाटली होती! ही पद्धत ओहायोतच, ॲडम्स काउंटीत २००१ मध्ये सुरू झाली. डोना सू ग्रोव्हज या बाईंनी गोधड्या शिवणाऱ्या आपल्या आईच्या मानाखातर. आईला हे सांगितलं. ती बराच वेळ मागं वळून बघत राहिली.

मंडळात शेवटचा अर्धा तास आपापलं काम दाखवायचा असतो. आईला पुढं बोलावलं. तिनं शिवलेलं दुपटं वर धरलं आणि मला वाटलं, आता बसेल. पण ती बोलायला लागली. मी शेजारी उभा राहून वाक्यावाक्याला इंग्रजी करत होतो. पुढचं मीही पहिल्यांदाच ऐकत होतो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बुडवून सगळे दमून झोपलेले. पहाटे चारच्या सुमारास भांडी वाजली, सगळी गल्ली रस्त्यावर आली. सकाळी कळलं, किल्लारीकडं गावंच्या गावं पडलीत. दुपारी गल्लीत टेंपो आला. मागवाल्यांनी नव्या चादरींचे गठ्ठे टाकले. आमच्याकडं द्यायला नवी चादर नव्हती. आईनं आजीची गोधडी दिली. चार लुगड्यांची, आजीनं स्वतः भरलेली. आजीला न विचारता. संध्याकाळी आजीला कळलं. दोन दिवस ती आईशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं एवढंच विचारलं, "दाणे होते ना त्यात?"

आमची आजी मूळची अक्कलकोटकडची, कानडी बोलणारी. ती गोधडीला कौदी म्हणायची. शेवटचा कोपरा बंद करताना आत ज्वारीचे चार दाणे टाकायची, कौदीचं पोट रिकामं ठेवू नये म्हणून. आई म्हणाली, "होते." आजी म्हणाली, "मग जाऊ दे."

"कुणाच्या अंगावर गेली, मला ठाव नाही," आई त्या बायकांना सांगत होती. "तीस वर्षं झाली. थंडी पडली की येतं डोक्यात. बाई होती का बाप्या, का लेकरू." मला 'पोट रिकामं ठेवू नये' याचं इंग्रजी पटकन सुचेना, मी अडखळलो, तर समोरच्या आजीनं हातानं थांब म्हटलं. तिला कळलं होतं.

त्या दिवशी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आम्ही खुर्च्या आवरल्या.

पुढं आईनं दवाखान्याच्या गोधड्यांतही दाणे घालायचं काढलं. दानाचं काम बघणाऱ्या बाई घाबरल्याच. गरम पाण्यात धुतात, आत धान्य असेल तर बुरशी येईल, बाळांचा प्रश्न आहे. नियम त्यांचा बरोबर होता. आईनं थोडा वेळ तोंड फुगवलं आणि मग प्रत्येक कोपऱ्यात पिवळ्या दोऱ्याच्या चार गाठी मारायला लागली. दाण्याएवढ्या. अशा नऊ गोधड्या गेल्या.

आता सोलापूरची गोष्ट, जी अजून नीट बसलेली नाही. गेल्या जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या वेळी मी घरी होतो. आईनं विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या ओळखीच्या सात-आठ जणींना बोलावलं. गणवेशाच्या कारखान्यांतून चिंधी मिळते, तिची दुपटी शिवून सरकारी दवाखान्यातल्या बाळांना द्यायची, असा तिचा बेत. चहा झाला, चिवडा झाला. मग एकीनं सरळ विचारलं, "काकू, हजार विड्या वळायच्या सोडून हे करायचं, मग हजाराचे पैसे कोण देणार?" मी ओहायोच्या तळघराचं काहीतरी सांगायला लागलो. आईनं मला स्वयंपाकघरात पाठवलं.

तिनं काढलेला तोडगा असा: फक्त रविवार दुपार, आणि चारातली एक गोधडी विकायची, दोऱ्याचे आणि बायकांचे पैसे त्यातून. यावरही दोनदा भांडण झालंय. एक जण येईनाशी झाली, दुसरी दोन जावांना घेऊन आली. आणि सोलापूरच्या दवाखान्यातल्या सिस्टरची अट ओहायोच्या उलटी. कोरं कापड आणू नका, खळ असते, बाळाला टोचतं. आधी दोन पाण्यांतून काढा, मऊ झालं की आणा. आईला ही अट मनापासून पटली. "शहाणी हाय ती," म्हणाली.

मंडळाला नाव नाही. दुपट्यांवर चिठ्ठीही नाही. पिवळ्या गाठी मात्र आहेत, आणि आतापर्यंत अकरा दुपटी गेलीत.

पुढच्या महिन्यात मी सोलापूरला जातोय. काल आईनं यादी सांगितली. त्या सुरीची पंचेचाळीस मिलीमीटरची पाती, दहा. काचेच्या डोक्याच्या टाचण्या, दोन डब्या. ती आरपार दिसणारी लांब पट्टी, "बॅगेत मोडून आणू नको." पिवळा दोरा सोलापुरातच मिळतो. आणि त्या आजींना चटणीची बरणी पोचली का ते विचार, रिकामी आली तर घेऊ नको.