पाच मीटर बर्फ आणि सोलापूरचा मी

ॲडमिशन घेताना रँकिंग, फी, असिस्टंटशिप सगळं पाहिलं होतं. होटनला वर्षाला सरासरी पाच मीटरच्या आसपास बर्फ पडतो, हे मात्र एका सीनियर दादाने सांगितलं ते विमानाचं तिकीट काढून झाल्यावर. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या पार उत्तरेला, सुपीरियर सरोवराच्या बाजूचं हे छोटं गाव. माझं विद्यापीठ, मिशिगन टेक, इथलंच.

एवढा बर्फ या सरोवरामुळे. कॅनडातून येणारा गार, कोरडा वारा त्या मानाने उबदार पाण्यावरून जाताना वाफ उचलतो आणि किनारा लागला की ती बर्फ होऊन खाली येते. सरोवर सहसा पूर्ण गोठत नाही, म्हणून हे महिनोन्‌महिने चालतं. बरेचदा वादळबिदळ काही नाही, नुसती भुरभुर. गावाच्या उत्तरेला हायवेलगत बर्फाची एक उंचच उंच मोजपट्टी उभी आहे. तिच्यावर १९७८-७९ च्या हिवाळ्याची विक्रमी नोंद आहे: ३९०.४ इंच. म्हणजे जवळजवळ दहा मीटर!

थंडीची धास्ती होती, पण ती कपड्यांनी भागते. सुती बनियन आणि जीन्स इथे बिनकामाची. चालताना घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवतं आणि थांबलात की हुडहुडी भरते. अंगालगत थर्मल, वर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जॅकेट. वर्गात शिरलं की एकेक उतरवत बसायचं, कारण आत हीटर जोरात. वारा धरून तापमान उणे २८ सेल्सिअसच्या खाली गेलं, तर उघड्या कातडीला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. त्या दिवशी डोळे सोडून सगळं झाकायचं, आरशात बघायचं नाही.

हीटरने हवा इतकी कोरडी होते की सकाळी नाकातून रक्त येतं आणि दाराच्या कडीला हात लावला की स्थिर विजेचा चटका बसतो. बटर कढवून केलेलं तूप वरणभातापेक्षा ओठांना आणि टाचांनाच जास्त गेलं. दही लागेना, तेव्हा नागपूरच्या रूममेटने ओव्हनचा नुसता दिवा लावून पातेलं आत ठेवलं. सकाळी कवडी पडलेलं दही!

खरा छळ अंधाराचा. होटन इथल्या टाइम झोनच्या पश्चिम टोकाला, त्यामुळे डिसेंबरात सूर्य उगवतो पावणेनऊच्या सुमारास आणि पाचला गायब. मधल्या वेळेतही बहुतेक ढगच. जानेवारीत माझी झोप उलटीपालटी झाली, जेवायचा कंटाळा, घरी फोनवर दोन वाक्यांत बोलणं आटपायचं. डॉक्टरांनी रक्त तपासून ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि दुपारी उजेडात बाहेर पडायला सांगितलं. पाऊस असो वा बर्फ, जेवणानंतर कालव्याकाठी चक्कर सुरू केली. गोळ्यांनी किती आणि चालण्याने किती, देव जाणे, पण झोप रुळावर आली.

फेब्रुवारीत विंटर कार्निव्हल असतो. मुलं बर्फाचे पुतळे घडवतात. काही महिनाभर खपून, काही एका रात्रीत. मला एका गटाने रात्रीच्या कामाला ओढून नेलं. बर्फात पाणी कालवून लगदा करायचा, थापायचा, थोड्याच वेळात तो दगडासारखा टणक. हातमोजे भिजून कडक झालेले, बोटं बधिर, शेजारी स्पीकर ठणाणा वाजतोय. गणपतीचा देखावा अर्धवट असताना आदल्या रात्री मंडळात असते तशी सगळी धांदल आणि तशीच भांडणंही. त्या रात्रीनंतर गावात ओळखीचे चेहरे दिसू लागले.

यंदा येणाऱ्यांसाठी: जॅकेट भारतातून आणू नका, बॅगेत जागा अडते आणि इथे ते पुरत नाही. आल्या आल्या सीनियरना विचारा, पास होऊन गेलेल्यांचं सामान त्यांच्याकडे पडून असतं. बूट जाड मोजा घालून पाहा आणि एक नंबर मोठेच घ्या. घट्ट बुटात पाय आधी गारठतात.