ड्रॉवरमधले चाकू आणि खिशातला चाकू

चाकू जमवतो म्हटलं की ऐकणाऱ्याला भिंतीवर टांगलेले खंजीरच दिसायला लागतात. माझ्याकडे तसलं काही नाही. माझे सगळे चाकू घडीचे, मिटल्यावर मुठीत मावतील एवढे. त्यांनी होणारी कामंही तशीच: खोक्यावरची टेप कापणं, सुतळी तोडणं, पेन्सिलीला टोक करणं, सफरचंदाची साल काढणं. यासाठी एवढे चाकू कशाला, हा प्रश्न रास्त आहे. एक पुरतो. बाकीचे हौस म्हणून.

ही हौस मुख्यतः स्प्रिंगची आहे. जुन्या पद्धतीच्या घडीच्या चाकूत पात्याच्या बुडाशी मुठीच्या पाठीवरून आलेली पोलादी पट्टी टेकलेली असते, हीच ती स्प्रिंग. अंगठ्याचं नख पात्यावरच्या खाचेत अडकवून ओढायला लागलं की सुरुवातीला पातं हटून बसतं. मग हलतं. काही चाकूंत अर्ध्यावर, काटकोनात, क्षणभर थबकतं. त्यापुढे मात्र आपण ओढायचं काही उरत नाही, पट्टीच त्याला ओढून घेते आणि टक् असा आवाज येतो. जमवणारी मंडळी याला ‘वॉक अँड टॉक’ म्हणतात आणि त्यावर तासन्‌तास बोलू शकतात. पट्टी ढिली असेल तर पातं लुळं पडतं, फार ताठ असेल तर नखाची वाट लागते. या दोन्हींच्या मधलं माप कारागिराच्या हाताला कळतं. ते नीट जमलेला चाकू मी काही काम नसतानाही उघड-मीट करत बसतो. घरच्यांना या आवाजाचा वैताग येतो, तोही रास्तच आहे.

अशा चाकूला लॉक नसतं, आणि नव्या लोकांना याचीच भीती वाटते. भीती खरी आहे: टोकाने भोक पाडायला गेलात किंवा पात्याच्या पाठीवर जोर दिलात तर पातं बोटांवर मिटू शकतं. पण धारेने कापताना पडणारा दाब पात्याला उघडं ठेवायलाच मदत करतो. म्हणजे चाकू फक्त कापायला वापरायचा. टोकाने स्क्रू फिरवणं, डब्याचं झाकण उचकटणं ही त्याची कामंच नव्हेत.

फ्रान्सच्या साव्वा भागातल्या ओपिनेलची गोष्ट निराळी. 1890 साली जोसेफ ओपिनेलने काढलेल्या या चाकूत पाठीची स्प्रिंगच नाही. लाकडी मुठीला चीर, त्यात पातं, आरपार एक रिव्हेट. लाकडाच्या घट्टपणावर सगळं चालतं. पातं जागेवर अडकवणारी फिरती कडी आली ती 1955 मध्ये. माझा रोजचा चाकू हाच, आठ नंबरचा, कार्बन स्टीलचा. एकच खोड: ओलाव्याने लाकूड फुगतं आणि पातं आत रुतून बसतं. मग कडी सोडून मुठीचं बूड टेबलाच्या कडेवर ठोकायचं, पातं नखाला लागेल इतकं वर येतं.

जपानमधल्या मिकी गावचा हिगोनोकामी त्याहून साधा. पत्रा दुमडून केलेली मूठ आणि पात्याला मागे फुटलेली एक शेपटी. ती अंगठ्याखाली दाबून धरली की तेच त्याचं लॉक. तिथली शाळकरी मुलं पेन्सिलीला टोक करायला हा जवळ बाळगत. 1960 मध्ये टोकियोत एका राजकीय नेत्याची भर सभेत हत्या झाली. ती छोट्या तलवारीने झाली होती, तरी त्यानंतर मुलांच्या हातून चाकू काढून घ्यायची मोहीम निघाली आणि हा गरीब चाकूही दप्तरांतून गेला. पेन्सिलीसाठी मी अजून हाच काढतो. शार्पनरमधून इतकं लांब टोक निघतच नाही.

कार्बन स्टील का, असं कुणी ना कुणी विचारतंच. स्टेनलेसला गंज चढत नाही, मग हा त्रास कशाला? कार्बन स्टीलला दगडावर धार पटकन लागते, हे एक कारण. दुसरं कारण निव्वळ डोळ्यांचं. फळाच्या आंबटाने पात्यावर आधी निळसर, मग राखाडी डाग उमटतात आणि महिन्याभरात त्याचं अंग करडं होऊन जातं. ही काळपट छटा पुसायची नाही, तिच्यामुळे लाल गंजाला थोडा अटकाव होतो. तांबूस ठिपका दिसला तर मात्र लगेच काढायचा. वापर झाला की पुसून कोरडं करायचं आणि सांध्यात मिनरल ऑइलचा एक थेंब. स्वयंपाकाचं तेल नको, ते चिकट होऊन सांधा धरतं.

जमवणाऱ्यांसाठी एक गोष्ट ठासून सांगतो. जुन्या चाकूंच्या मुठी पुष्कळदा सेल्युलॉइडच्या असतात, शिंपल्यासारख्या चमकणाऱ्या, रंगीत, मोहात पाडणाऱ्या. हे सेल्युलॉइड वय झालं की कुजायला लागतं आणि त्यातून आम्लाची वाफ निघते. असा एक चाकू बंद डब्यात ठेवला तर शेजारच्या सगळ्या पात्यांना गंज चढतो. मुठीजवळचं पितळ हिरवं दिसलं किंवा डबा उघडताच उग्र वास आला, तर तो चाकू ताबडतोब वेगळा काढा आणि हवेशीर जागी ठेवा. चामड्याच्या म्यानातही कायमचा मुक्काम नको, कातडं कमावताना वापरलेली रसायनं आणि त्यात मुरलेला ओलावा पात्याला खातात.

आणि लायोल चाकूच्या पाठीवरची मधमाशी पाहून हुरळून जाऊ नका. लायोल हे फ्रान्समधलं गाव, पण त्या नावाचे चाकू कितीतरी ठिकाणी बनतात, चांगलेही आणि भंगारही. माशी सगळ्यांवर असते. पातं मधोमध मिटतं का, उघडल्यावर डुगडुगतं का, ते बघा.

बाळगण्याबद्दल कायदा जागोजागी वेगळा, तो आपापला वाचून घ्यावा. ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंत पात्याचा, लॉक नसलेला घडीचा चाकू कारण न देता जवळ ठेवता येतो. लॉक असेल तर सबळ कारण लागतं. जपानमध्ये साधारणपणे सहा सेंटिमीटरपेक्षा मोठं पातं विनाकारण बाळगता येत नाही. विमानात हातातल्या सामानात चाकू नाहीच. प्रवासाच्या आदल्या रात्री सगळे खिसे आणि बॅगेचे कप्पे चाचपायचे.

माझा नियम एवढाच, की जो चाकू कधीच खिशात जात नाही तो ड्रॉवरमध्येही राहत नाही. कितीही देखणा असो, वापरणाऱ्या कुणाला तरी देऊन टाकतो. फक्त एका शिंगाच्या मुठीच्या, तीन पात्यांच्या चाकूबाबत हा नियम मी गेली काही वर्षं सोयीस्करपणे विसरलोय. तो वापरायला जरा जास्तच चांगला आहे.