लेड झेपलिन क्रमाने : चौथ्या अल्बमवर मुक्काम

लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडचे अल्बम क्रमाने ऐकतोय. १९६९ चे दोन्ही अल्बम झाले, १९७० चा तिसराही झाला. आता १९७१ च्या चौथ्यावर आहे. मध्ये कुठेही उडी मारलेली नाही. पहिले दोन भराभर संपले, तिसऱ्यावर मात्र अख्खा आठवडा गेला.

कारण ‘सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू’. ड्रमर बॉनमच्या बास ड्रमचं पेडल त्यात कुरकुरतं. ठोक्यागणिक, अगदी बारीक, बिजागरीला तेल नसावं तसं. हे गाणं मी वर्षानुवर्षं एमपीथ्रीवर ऐकत आलोय, पण ही कुरकुर कधी जाणवली नव्हती. या वेळी बँडचा गिटारवादक पेज याच्या देखरेखीखाली झालेल्या २०१४ च्या रीमास्टरची (म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगवरून नव्याने तयार केलेल्या मास्टर प्रतीची) २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झची फाइल लावली होती. वाटलं, ही हाय-रेझची, म्हणजे सीडीपेक्षा जास्त तपशील साठवणाऱ्या फाइलची करामत. म्हणून जुनी एमपीथ्री काढून लावली, तर कुरकुर तिथेही होतीच! लक्ष गेलं नव्हतं, इतकंच.

मग नीट तपासायचं ठरवलं. तीच फाइल १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्‌झवर, म्हणजे सीडीच्या दर्जावर उतरवली आणि फूबार या प्लेयरमध्ये एबीएक्स चाचणी लावली, म्हणजे कोणती फाइल वाजतेय ते न बघता नुसतं ऐकून ओळखायचं. १६ पैकी ९ बरोबर, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीला ८. १२८ ला मात्र १५ आले, कारण तिथे सिम्बलचा आवाज विरताना पाण्यात बुडबुडल्यासारखा होतो आणि एकदा ते कानाला सापडलं की सुटत नाही. हिशेबही याच्याशी जुळतो. १६ बिटमध्ये साधारण ९६ डेसिबलची जागा मिळते आणि त्या काळच्या टेपची सरसर त्याच्या तळापेक्षा बरीच वर असते. ४४.१ मध्ये २२ किलोहर्ट्‌झपर्यंतचं सगळं मावतं, तेवढं आपल्या कानांना पुष्कळ झालं.

खरा फरक पडतो मास्टरने. १९९० च्या रीमास्टरची सीडी आणि २०१४ ची फाइल पाठोपाठ लावली, तेव्हा नवी लगेच सरस वाटली. पण ती मुळातच मोठ्या आवाजात वाजते आणि मोठा आवाज कानाला नेहमीच गोड लागतो. रीप्लेगेन या आवाजाची पातळी सारखी करणाऱ्या सोयीने दोन्ही एका पातळीवर आणल्या, तेव्हा खरी तुलना सुरू झाली. माझ्या कानांना नव्यात बासवादक जोन्सचा बास भरीव आणि सुटा लागतो, जुन्यात गिटारची धार जास्त. हा फरक डोळे मिटूनही दर वेळी ओळखता येतो, त्याला हाय-रेझ लागत नाही.

चौथ्या अल्बमवर अडकलोय तो ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’च्या ड्रममुळे. रेकॉर्डिंग झालं त्या हेडली ग्रेंज या इंग्लंडमधल्या जुन्या घराच्या जिन्याखालच्या हॉलमध्ये ड्रम मांडलेले, वर जिन्यात टांगलेले दोन मायक्रोफोन आणि जोडीला बिन्सन कंपनीच्या यंत्राचा एको. सुरुवातीला नुसता ड्रम वाजतो, तेव्हा ठोका पडून गेल्यावर त्या हॉलची हवा किती वेळ घुमत राहते ते ऐका. तिथे मला जुनी सीडी जास्त आवडली, कारण दोन ठोक्यांमधली ती पोकळी तिच्यात जास्त खोल वाटते. नव्यात ठोका अंगावर येतो, पण ती जागा जराशी भरून गेल्यासारखी होते.

ज्यांच्याकडे १९८० च्या दशकातली पहिली सीडी आहे, त्यांनी याच सुरुवातीच्या ठोक्यांची तुलना करून सांगा. तोवर १९७३ चा पाचवा उघडत नाही.