जहाजावर पडलेली वीज

स्मरणिकेसाठी चार ओळी दे म्हणून मेसेज आला आणि शाळेच्या आधी मला सर आठवले. नाव लिहीत नाही, आपल्याकडे नुसतं 'सर' म्हटलं की पुरतं.

प्रयोगशाळेतलं ते कुलपाचं कपाट आठवतंय ना? वर शहामृगाचं अंडं, पोर्तुगीज काळातली नाणी, आणि खालच्या खणात मॅजिक लँटर्न (काचेवरची चित्रं पडद्यावर मोठी करून दाखवणारं जुनं यंत्र) आणि लाकडी पेटीत काचेच्या स्लाइड्स. पावसामुळे पीटीचा तास बुडाला की सर ते बाहेर काढायचे. चादर ओली करून टांगायचे, कापड ओलं असलं की उजेड आरपार येतो, मग आम्ही पलीकडे बसून बघायचो. रॉकेलच्या दिव्याच्या जागी सरांनी बल्ब बसवलेला. कल्याणच्या पटवर्धनांनी 1890 च्या दशकात अशाच रंगवलेल्या काचांचे खेळ केले, त्याला शांबरिक खरोलिका म्हणत, हे सर सांगायचे आणि 'खरोलिका' ऐकून आम्ही दर वेळी खिदळायचो.

आठवीत स्लाइड घालायचं काम मला मिळालं. भिंगातून चित्र उलटं पडतं म्हणून स्लाइड उलटी घालायची, कोपऱ्यात ठिपका असतो त्यावर अंगठा ठेवून धरायची. मी ऐटीत धरली आणि सुटली की हातातून! जहाजाची होती. वरपासून खालपर्यंत तडा. दोन काचा कडेने पट्टीने बांधलेल्या म्हणून तुकडे तेवढे जागेवर राहिले. मला रडूच फुटलं. सर म्हणाले, "कांय जावंक ना रे," म्हणजे काही झालं नाही रे, आणि वर अजून एक काळी कागदी पट्टी मारली, तीच स्लाइड लावली आणि वर्गाला सांगितलं, बघा, भर समुद्रात वीज पडली! मागच्या बाकावरून कोणीतरी खरंच "आई गे" केलं.

आज मी पुण्यात एका संग्रहात जुन्या काचा स्कॅन करतो, हाताखाली सहा जण आहेत (बढाई नाही, सरांना सांगायचं राहिलं म्हणून इथे लिहिलं). नोंदीत 'उभा तडा' लिहायची वेळ आली की अजून हसू येतं.

गणिताच्या बाईंबद्दलही लिहायचं होतं, जागा संपली.

नवी बिल्डिंग झाली तेव्हा ते कपाट हललं आणि पेटी कुठे गेली कोणालाच सांगता येत नाही. कोणाच्या माळ्यावर असेल तर कृपा करून काचा पुसू नका, एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा, आणि आपल्या पावसात बुरशी धरते तेव्हा कोरड्या जागी. चतुर्थीला मी येतोच आहे, घरी येऊन बघून जाईन.