लोहाच्या गोळीचे वेळापत्रक : माझा अनुभव

थायरॉईडची तपासणी ठीक येत असूनही शाळेचा दुसरा मजला चढताना धाप लागू लागली आणि सलग दोन तास उभे राहून शिकवणे अवघड होऊ लागले, तेव्हा आमच्या फॅमिली डॉक्टरांनी रक्ताची संपूर्ण तपासणी करून घ्यायला सांगितली. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार किमान १२ असायला हवे; माझे ८.६ निघाले. लाल पेशींचा आकारही लहान होता. तरीही डॉक्टरांनी लगेच लोहाची गोळी लिहून दिली नाही. पेशी लहान होण्याचे कारण लोहाची कमतरता असू शकते, तसेच थॅलेसिमिया मायनर हा जन्मजात, आनुवंशिक रक्तदोषही असू शकतो, आणि दुसऱ्या प्रकारात शरीरात लोह पुरेसे असताना वरून आणखी लोह देत राहणे हिताचे नसते, असे त्यांनी समजावून सांगितले. म्हणून आधी फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी तपासणी झाली. तो आकडा ५, म्हणजे अगदीच कमी आला, आणि मग मात्र कमतरता लोहाचीच आहे याविषयी शंकेला जागा उरली नाही.

गोळी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांनी मला घरात असलेली सगळी औषधे, जीवनसत्त्वांच्या बाटल्या आणि टॉनिके पिशवीत भरून आणायला सांगितले. तपासणीइतकीच ही सूचना मला मोलाची वाटते. माझ्या पिशवीत थायरॉईडची गोळी, कॅल्शियमची गोळी आणि नणंदबाईंनी न्यू जर्सीहून आणलेली मल्टिव्हिटॅमिनची भलीमोठी बाटली होती, जी मी आणि यजमान दोघेही वापरत होतो. त्या बाटलीवर लोह १८ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या १०० टक्के, असे छापलेले होते. तो हिशेब अमेरिकेचा. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढ स्त्रीसाठी रोजचे लोह २९ मिलिग्रॅम आणि पुरुषासाठी १९ मिलिग्रॅम धरले आहे, कारण आपल्या धान्य-डाळींच्या जेवणातले लोह शरीरात फार थोडे शोषले जाते. वरची सुरक्षित मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. मला लिहून दिलेल्या एका गोळीत मात्र १०० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक ॲसिड होते. ही मात्रा त्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त असल्यामुळेच ती ठरावीक काळापुरती आणि तपासण्यांच्या देखरेखीखाली घ्यायची असते, आणि शेजारणीला गुण आला म्हणून मेडिकलमधून आणून महिनोन्‌महिने घेण्याची ती वस्तू नव्हे.

लेबल वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. गोळीचे वजन आणि तिच्यातले प्रत्यक्ष लोह हे दोन वेगळे आकडे असतात. २०० मिलिग्रॅमच्या फेरस सल्फेटच्या गोळीत प्रत्यक्ष लोह साधारण ६५ मिलिग्रॅमच असते. फेरस फ्युमरेटमध्ये ते वजनाच्या सुमारे एक तृतीयांश आणि फेरस ग्लुकोनेटमध्ये त्याहून बरेच कमी भरते. ‘एलिमेंटल आयर्न’ या शब्दांपुढे जो आकडा असतो तोच धरायचा. शिवाय काही बाटल्या औषध म्हणून परवाना घेतलेल्या असतात, तर काही केवळ आरोग्यपूरक आहार म्हणून विकल्या जातात आणि त्यांच्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना असते. दुकानात दोन्ही एकाच फळीवर, सारख्याच झगमगीत वेष्टनात असतात, त्यामुळे बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचण्याला पर्याय नाही. माझ्या बाबतीत डॉक्टरांनी उपचार चालू असेपर्यंत मल्टिव्हिटॅमिन पूर्ण थांबवले. ते चालू ठेवले असते तर लोहाची बेरीज वाढली असतीच, पण त्याच गोळीतले कॅल्शियम आणि जस्त लोहाच्या शोषणाला अडथळाही करू शकले असते.

खरी कसरत होती ती वेळापत्रकाची. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि तिच्यात व लोहात किमान चार तासांचे अंतर ठेवायचे, नाहीतर लोह तिला पोटातच बांधून ठेवते आणि थायरॉईडचे आकडे बिघडतात. लोह शक्यतो रिकाम्या पोटी घ्यायचे. चहा-कॉफीतील घटक लोहाचे शोषण बरेच घटवतात, म्हणून गोळीच्या आधी आणि नंतर निदान तासभर चहा वर्ज्य. दूध-दह्याचेही तेच, आणि कॅल्शियमची गोळी तर लोहापासून दूरच हवी. चहावाचून ज्यांचा दिवस उजाडत नाही त्यांना माझी अडचण सांगायला नको. शेवटी पहाटे थायरॉईडची गोळी, तासाभराने चहा, शाळेत जाण्यापूर्वी नाश्ता, अकराच्या सुट्टीत पाण्यात लिंबू पिळून त्याबरोबर लोहाची गोळी, एक वाजता डबा आणि कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर, असा क्रम बसला. लिंबू किंवा आवळ्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते, आणि अकराच्या सुट्टीत सहकारी चहा घेत असताना आपल्या हातात निदान सरबताचा पेला तरी असतो, हा त्यातला वेगळा फायदा.

आमच्या घरी कामाला येणाऱ्या ताई त्या वेळी गरोदर होत्या. सरकारी केंद्रातून मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते, ती आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही, मध्ये दोन तास जाऊ द्यायचे, हे त्यांना आशाताईंनी आधीच नीट सांगितले होते. जे कळायला मला तपासणीची फी मोजावी लागली, ते त्यांना दारात येऊन सांगितले गेले होते, याचे मला फार कौतुक वाटले.

पहिल्या आठवड्यात मळमळ सुरू झाली, शौचाला काळपट होऊ लागली आणि बद्धकोष्ठता जाणवू लागली. काळपट रंगाची कल्पना डॉक्टरांनी आधीच देऊन ठेवली होती. न शोषले गेलेले लोह बाहेर पडते त्याचा तो रंग. मात्र शौचाला डांबरासारखी चिकट व अतिशय दुर्गंधीयुक्त झाली, किंवा पोटात तीव्र दुखू लागले, तर लोहाच्या नावावर न ढकलता ताबडतोब दाखवायला यायचे, कारण ते पोटात रक्तस्राव होत असल्याचे लक्षण असू शकते, हेही त्यांनी बजावले होते. मळमळीसाठी ॲसिडिटीची गोळी घेऊ का, असे विचारल्यावर त्यांनी नको म्हटले. लोह शोषले जाण्यासाठी जठरातील आम्लाची गरज असते आणि ती गोळी नेमके तेच कमी करते. त्याऐवजी त्यांनी गोळी एक दिवसाआड केली. लोहाची मोठी मात्रा पोटात गेली की यकृतातून हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढते आणि ते पुढचा जवळजवळ दिवसभर आतड्यातून होणारे लोहाचे शोषण रोखून धरते. म्हणून एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतून प्रत्येक वेळी प्रमाणाने अधिक लोह मिळते आणि पोटालाही उसंत मिळते. मला हे मानवले. मध्यंतरी मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिन घ्यावे लागले, तेव्हा तो कोर्स संपेपर्यंत लोह थांबवले होते, कारण लोह त्या प्रतिजैविकालाही बांधून निकामी करते. डॉक्सिसायक्लिनच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी लागते.

या काळात गूळ-शेंगदाणे, हळिवाचे लाडू, लोखंडी कढईतली भाजी यांबद्दल सल्ले भरपूर मिळाले. ते सगळे मी आनंदाने खाल्ले आणि आजही खाते, पण साठा रिकामा झालेला असताना केवळ त्यावर विसंबून राहणे मला पटले नाही.

आता ज्या बाबतीत मी सर्वांत कडक राहिले, ती गोष्ट. दिवाळीत भाचीचा अडीच वर्षांचा मुलगा आमच्याकडे मुक्कामाला होता. माझ्या गोळ्या लालचुटूक, गुळगुळीत, अगदी दुकानातल्या रंगीत गोळ्यांसारख्या दिसतात. मुलाच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे २० मिलिग्रॅमच्या पुढे लोह पोटात गेले तर विषबाधेची लक्षणे दिसू लागतात आणि ६० च्या पुढे ते जीवघेणे ठरू शकते. बारा किलोच्या मुलासाठी माझ्या १०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, म्हणजे दहाच्या एका पट्टीपेक्षाही कमी, त्या टोकापर्यंत पोहोचवायला पुरेशा होत्या. नणंदबाईंच्या बाटलीवरही चौकटीत हाच इशारा छापलेला आहे. १९९७ सालापासून अमेरिकेत लोह असलेल्या अशा उत्पादनांवर तो सक्तीचा आहे. गोळ्या आठवड्याच्या डबीत काढून ठेवण्याची सोय चांगली असली, तरी ती डबी मूल सहज उघडते, म्हणून मी गोळ्या मूळ पट्टीतच ठेवल्या आणि पट्टी कुलपाच्या कपाटात. पर्स खुंटीवर टांगायची नाही, हाही नियम केला, कारण शाळेत न्यायची गोळी पर्समध्ये असे. या विषबाधेचा दगाफटका असा, की सुरुवातीच्या उलट्या-जुलाबांनंतर मूल काही तास बरे वाटू लागते, घरचे निर्धास्त होतात आणि नंतर प्रकृती एकदम ढासळते. म्हणून मुलाने गोळी गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न पाहता, घरी उलटी काढायचा प्रयत्न न करता, १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने पट्टी सोबत घेऊन रुग्णालय गाठायचे, हे मी भाचीलाही लिहून दिले. लोह शरीरातून काढण्याचे औषध शिरेतून द्यावे लागते आणि ते रुग्णालयातच मिळते.

दरम्यान लोह कमी का झाले, याचा शोधही चालू होता. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉईडची गाठ दिसली आणि पाळीच्या अतिरक्तस्रावावर स्त्रीरोगतज्ज्ञांचे उपचार सुरू झाले. तो मोठा विषय आहे, इथे त्यात शिरत नाही. पहिल्या महिन्याच्या तपासणीत हिमोग्लोबिन ९.८ झाले, म्हणजे गोळी अंगी लागत होती. ते १२ च्या वर गेले तेव्हा गोळ्या संपवाव्यात असे मला वाटत होते, पण फेरिटिन अजून १८ च होते. रक्त भरले तरी साठा भरायचा राहिलेला असतो, म्हणून आणखी तीन महिने गोळी चालू राहिली आणि फेरिटिन ४६ झाल्यावर डॉक्टरांनी ती स्वतःहून बंद केली. त्याच वेळी टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या तपासणीतला आकडाही पाहिला. तो जागेवर होता, म्हणजे चार तासांचे अंतर सार्थकी लागले.

यजमानांची मल्टिव्हिटॅमिनची बाटली डॉक्टरांनी बदलायला लावली. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची खास व्यवस्था शरीरात नसते आणि पन्नाशी ओलांडलेल्या, रक्त उत्तम असलेल्या पुरुषाला वरून लोह घेण्याचे कारण नाही, म्हणून त्यांच्यासाठी लोह नसलेली बाटली आणली. मीही सध्या लोहाची कोणतीही गोळी घेत नाही. पाळी चालू आहे तोवर दर सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन पाहायचे ठरले आहे, आणि पुढे लोह पुन्हा लागलेच, तर ते किती आणि किती दिवस घ्यायचे हे त्या आकड्यांवरून ठरेल. उरलेल्या दोन पट्ट्या शेजारच्या वहिनींनी ‘अशक्तपणा वाटतो’ म्हणून मागितल्या होत्या. त्यांना मी आधी रक्त तपासून यायला सांगितले आहे.